कणीस जेवलं का?

मैत्रिणींनो, तुमच्या फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात काय काय असतं? सोललेले मटार, खवलेलं खोबरं, हंगामात साठवून ठेवलेला आंब्याचा रस. माझ्याही असतं. पण माझ्या कप्प्यात मटारांच्या पिशवीखाली घट्ट झाकणाचा एक चपटा डबा आहे आणि त्याच्यावर कागदाची पट्टी चिकटवून मी ठळक अक्षरात लिहिलं आहे, ‘उघडू नये’. मराठीत लिहिलं, कारण डबा चुकून उघडला जाण्याची भीती होती ती आमच्या सासूबाईंच्या हातून, आणि त्यांना इंग्रजी अक्षरांचा कंटाळा.

डब्यात काय आहे ते सांगते. मात्र अंक समोर ठेवून जेवायची सवय असेल तर हे पान आधी मिटा आणि हात धुऊन झाल्यावर उघडा. डब्यात उंदराची पिल्लं आहेत. गोठवलेली. सुरुवातीला आणायचो ती करंगळीच्या पेराएवढी, बिनकेसांची, गुलाबी. आता अंगावर लव आलेली आणतो. आणि हे कुठे, तर ज्या घरात अंडं आणायचं तरी सासूबाई इथे नसतील तो मुहूर्त बघावा लागतो त्या घरात!

पण हे सुरू कसं झालं ते सांगायला हवं. आम्ही सांगलीचे. २०२३ च्या जानेवारीत यांच्या कंपनीने यांना इंग्लंडला धाडलं आणि मागोमाग मी आणि चिरंजीव लंडनच्या पश्चिमेला असलेल्या रेडिंग गावी येऊन दाखल झालो. सांगलीला बी.ए. झाल्यापासून मी एका शाळेत अर्धवेळ शिकवत होते. इथेही घर सांभाळून आठवड्यातले तीन दिवस सकाळी लहान मुलांच्या वर्गावर जाते. त्यामुळे नव्या मुलाला कसं रुळवायचं हे मला समजतं, असा माझा समज होता.

दुसऱ्यांच्या मुलांच्या बाबतीत असेल तो खरा. स्वतःच्या मुलाचं काही केल्या जमेना. सांगलीत दिवसभर गल्लीत हुंदडणारं, तीन-तीन पोळ्या चेपणारं पोरगं इथे येऊन मुकं झालं. डबा जसा नेला तसा परत. मी काय काय केलं म्हणता! पराठे केले, सँडविच केली, पोळीचे लाडू केले, पराठ्याचे चांदण्यांच्या आकाराचे तुकडे कापून दिले. आणि शाळा सुटली की फाटकाशीच त्याच्या हातून डबा घ्यायचा, तिथल्या तिथे झाकण उघडायचं आणि सगळ्यांदेखत विचारायचं, “का रे, आजही तसाच?” पोरगं मान खाली घालायचं. मला वाटायचं, लाजेनं तरी उद्या खाईल. तुम्हीही असंच केलं असतंत, सांगा बघू, की नाही?

अशात त्याच्या शाळेत कोणी एक गृहस्थ निरनिराळे प्राणी घेऊन मुलांना दाखवायला आले. त्यांच्याकडचा एक नारिंगी साप चिरंजीवांच्या मनगटाला वेढा घालून म्हणे पाच मिनिटं बसून राहिला. त्या दिवशी पोरगं शाळेतून आलं ते बोलतच. कितीतरी दिवसांनी आपणहून बोललं. मी पोळ्या लाटत होते. लाटणं थांबवून ऐकत राहिले. त्यानंतर वर्षभर घरात एकच धोशा : साप हवा. हे तर आठवड्यातच विरघळले. मी वर्षभर टिकले. शेवटी २०२४ च्या ऑक्टोबरात, चिरंजीवांच्या दहाव्या वाढदिवसाला, मीही ‘हो’ म्हटलं.

या सापाला इकडे कॉर्न स्नेक म्हणतात. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला. बिनविषारी, उंदीर खाणारा, आपल्या धामणीच्या कुळातला. मक्याच्या कोठारांभोवती सापडायचा म्हणून हे नाव पडलं असं कोणी सांगतात. कोणी म्हणतात, त्याच्या पोटावरची चौकटी नक्षी रंगीत मक्याच्या कणसासारखी दिसते म्हणून. इंग्लंडात तो पाळायला परवाना लागत नाही. मात्र सोळा वर्षांखालच्या मुलाला दुकानदाराने प्राणी विकायचा नाही, असा कायदा आहे; मोठ्या माणसाने पुढे व्हावं लागतं. नीट सांभाळला तर पंधरा-वीस वर्षं जगतो. म्हणजे पुढे चिरंजीव शिकायला, नोकरीला बाहेर पडले की याचं खाणंपिणं कोणाच्या गळ्यात, हे मी तेव्हाच ओळखायला हवं होतं.

एक गोष्ट मात्र आत्ताच बजावते. हे वाचून तुमच्या घरातलं एखादं बाळ मागच्या परसातलं पिल्लू बरणीत घालून आणील, तर तसं करू देऊ नका. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ पासून आहे. रानातला साप धरून घरात ठेवणं गुन्हा आहे. घरात साप निघालाच तर गावातल्या सर्पमित्राला किंवा वनखात्याला कळवायचं आणि आपण चार हात लांब राहायचं.

असो. तर पिल्लू घरी आलं. जेमतेम फूटभर लांब, पेन्सिलीएवढं जाड, वजन नऊ ग्रॅम. नारिंगी अंगावर तांबडे डाग. चिरंजीवांनी नाव ठेवलं ‘कणीस’. सासूबाई दिवाळीसाठी म्हणून सप्टेंबरातच सांगलीहून आल्या होत्या. त्या खुर्चीतून उठल्या नाहीत. लांबूनच म्हणाल्या, “आपल्याकडे घरात निघाला तर लोक हातापाया पडून कोणाला तरी बोलावतात बाहेर काढायला. तुम्ही पैसे देऊन आत आणलात!”

कणसासाठी आम्ही सगळं थाटात केलं होतं. काचेची तीन फुटी पेटी, खाली मऊ लाकडाचा भुसा, पाण्याची वाटी, एक शोभेची फांदी, एका टोकाला खालून ऊब देणारी विजेची चटई. पेटी ठेवली दिवाणखान्यात, टी.व्ही.शेजारी, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. भिंतीपलीकडे स्वयंपाकघरातलं कपडे धुण्याचं यंत्र. पिल्लं अंड्यातून बाहेर आल्यावर पाच वेळा व्यवस्थित खाल्लंय, तसं कार्डावर लिहिलंय, आज रात्रीच एक द्या, असं दुकानदाराने सांगितलं होतं. आम्हाला काय, आयुष्यात पहिलाच साप. दिलं.

कणसाने तोंड फिरवलं. आम्ही तिघं काचेला नाकं लावून बसलो होतो. हे चिमट्यात ते गुलाबी पिल्लू धरून त्याच्या तोंडापुढे नाचवत होते, आणि कणीस मागे सरून सरून कोपऱ्यात गुंडाळून बसलं. त्यात तो चिमटा माझ्या स्वयंपाकघरातला पापड भाजायचा निघाला! पुरुषांना दिसेल ती वस्तू दिसेल त्या कामाला. सासूबाई चकार शब्द बोलल्या नाहीत. फक्त दुकानातून नवा चिमटा येईपर्यंत आमच्याकडे पापड तळले गेले.

रविवारी पुन्हा प्रयत्न. नाही. मंगळवारी पुन्हा. नाही. मधल्या काळात चिरंजीवांचे दोन मित्र येऊन बघून गेले, शेजारीण बघून गेली, यांच्या कचेरीतले तिघे जण बघून गेले. मुलगी दाखवायचा कार्यक्रम असावा तशी रीघ. प्रत्येकाला कणीस हातात घ्यायचं असे. मी येता-जाता झाकण उघडून बघत होते. कराडहून आई व्हिडिओवर म्हणाली, “अगं, वाटीत दूध ठेव. लाह्या ठेव.” माझं आजोळ शिराळ्याच्या बाजूचं. नागपंचमीला घरोघर जिवंत नाग पुजलेले मी लहानपणी डोळ्यांनी पाहिले आहेत. पुढे न्यायालयाने त्याला आवर घातला. तेव्हा मलाही दूधच आठवलं होतं, खोटं कशाला बोलू? पण सापाला दूध पचत नाही. गारुडी सणाआधी नागाला कित्येक दिवस पाण्यावाचून कोरडा ठेवतात, आणि मग तहानेनं कासावीस झालेला जीव समोर येईल त्यात तोंड घालतो, एवढाच त्या दूध पिण्याचा अर्थ. हे कळल्यावर लहानपणी वाटी पुढे सरकवणारे माझे हात मला आठवले आणि बरं वाटलं नाही.

मंगळवारी रात्री चिरंजीवांनी ताट बाजूला सारलं. “कणीस जेवेपर्यंत मी नाही जेवणार.” आता काय करावं? हे रागावले, मी समजावलं, मग मी रागावले आणि यांनी समजावलं. पोरगं उपाशीच झोपलं. मला नऊ ग्रॅमच्या त्या जिवाचा असा राग आला म्हणून सांगू! आणि मग त्याचीच भीती वाटायला लागली. मेलं बिलं तर? ज्या एका गोष्टीने पोरगं बोलतं झालं, तीच त्याच्या डोळ्यांसमोर सुकून गेली तर?

आमच्या पलीकडच्या गल्लीत एक निवृत्त नर्सबाई राहतात. तीस वर्षं साप पाळताहेत, असं शेजारणीने सांगितलं होतं. बुधवारी सकाळी मी त्यांचं दार ठोठावलं. बाई सत्तरीच्या, गुडघेदुखीमुळे काठी टेकत आल्या. त्यांनी कणसाला हातसुद्धा लावला नाही. तीन प्रश्न विचारले. खाली किती ऊब आहे? लपायला कुठे जागा आहे? आणि दिवसातून किती वेळा झाकण उघडता?

तिन्ही प्रश्नांना आम्ही नापास. चटईला जोडलेल्या थर्मोस्टॅटची तार आम्ही काचेला वरच्या बाजूला चिकटवली होती. तो वरची हवा मोजत होता. भुशाखाली बोट घातलं तर जेमतेम कोमट. ऑक्टोबर संपत आलेला, रात्री घर गार पडतं. सापाच्या अंगात आपल्यासारखी स्वतःची ऊब नसते. खाल्लेलं पचायला त्याला बाहेरून ऊब घ्यावी लागते. ती मिळाली नाही तर खाल्लेलं पोटात सडतं किंवा उलटून पडतं. तेव्हा अंगाला ऊब नसताना न खाणं हेच त्याचं शहाणपण. बाईंनी तार खाली, चटईच्या वरच्या जमिनीपाशी आणायला लावली. उबेच्या टोकाला तीस अंश, दुसऱ्या टोकाला बावीस, म्हणजे त्याला हवं तिकडे सरकता येतं.

लपायची जागा तर आम्ही ठेवलीच नव्हती. लपलं तर दिसणार कसं, असा आमचा हिशेब! रानात हे पिल्लू पक्ष्यांचं, मोठ्या सापांचं, कोणाचंही भक्ष्य. उघड्यावर आहे तोवर त्याचा जीव मुठीत. ते जेवणार कुठून? बाईंनी ती राजेशाही पेटी बाजूला ठेवायला सांगितली आणि चपलांच्या खोक्याएवढा प्लॅस्टिकचा, भोकं पाडलेला डबा आणवला. त्यात दोन्ही टोकांना एकेक अंधारी जागा. आम्ही दह्याचे छोटे डबे उपडे घालून त्यांना दार कापलं. त्यांना तेच पसंत पडलं. डबा हलवला वरच्या मजल्यावरच्या लहान खोलीत, टी.व्ही. आणि कपड्यांच्या यंत्रापासून लांब. सापाला आपल्यासारखे बाहेर कान नसतात, पण जमिनीतून येणारा हादरा त्याला जबड्याच्या हाडांतून कळतो. आमचं यंत्र कपडे पिळायला लागलं की आमच्याच कपाटातल्या बशा वाजतात. त्या जिवाचं काय होत असेल!

आणि तिसऱ्या प्रश्नाचा उपाय : आठवडाभर काही करायचं नाही. पाणी बदलायचं आणि झाकण लावायचं. हातात घ्यायचं नाही, बोलावून दाखवायचं नाही, जेवण दाखवायचंही नाही. नव्या घरी आलेल्या पिल्लाला पहिले पाच-सात दिवस असे मोकळे द्यायचेच असतात. आम्ही पहिल्या रात्रीपासून चिमटा नाचवला. बाई म्हणाल्या, तब्येत चांगली असेल तर दोन-तीन आठवडे न खाल्ल्याने पिल्लू मरत नाही. मात्र आठवड्यातून एकदा डब्यासकट वजन करा. दहा टक्क्यांवर उतरलं तर मग प्राण्यांच्या डॉक्टरांकडे. यांनी सोनाराच्या काट्यासारखा एक छोटा काटा मागवला. वजन भरलं नऊ पूर्णांक एक ग्रॅम. घरात एवढ्या बारकाईने मी सोनंसुद्धा कधी तोललं नव्हतं.

बाई जाताना सासूबाईंनी त्यांना बसवून चहा आणि चकली दिली. एकीला मराठी येत नाही, एकीला इंग्रजी. दोघी गुडघ्यांवर हात ठेवून एकमेकींना दुखणं दाखवत बराच वेळ बसल्या होत्या.

दिवाळी झाली. कंदील लावला, फराळ झाला. बर्फाचा डबा, पाणी गरम करायचं भांडं, चिमटा, सगळं वेगळं काढून खालच्या कपाटात ठेवलं. सापाला किंवा त्याच्या भांड्याला हात लागला की साबणाने हात धुवायचेच, कारण या प्राण्यांच्या अंगावरून साल्मोनेलाचे जंतू पोटात जाऊ शकतात. सासूबाईंनी या एका नियमाचं मनापासून स्वागत केलं. सोवळ्याचं एवढं कडक पालन आमच्या घरात त्याआधी झालं नव्हतं.

पण मैत्रिणींनो, काही न करणं किती कठीण असतं! कर म्हटलं तर मी डोंगर उपसीन. रोज रात्री सगळे झोपले की मी त्या खोलीत जाऊन डब्यापाशी उभी राहायची. झाकण उघडायची नाही, पण कान लावायची. आठवडा संपायला दोन दिवस असताना रात्री अकराच्या सुमाराला मी अशीच उभी होते, आणि मागून सासूबाईंचा आवाज आला. त्यांना झोप कमी. “तू आधी तिथून नीघ बघू. तू अशी डोक्याशी उभी राहिलीस तर ते खाईल कसं?”

मी म्हटलं, “आई, मी नुसती बघतेय हो.”

“तेच. नुसतं बघणंच वाईट.” त्या पलंगाच्या कडेला टेकल्या. “तू लग्न होऊन आलीस तेव्हा चार दिवस जेवली नव्हतीस, आठवतं?”

आठवत नाही कसं! २०११ सालची गोष्ट. कराडच्या चार माणसांच्या घरातून मी सांगलीच्या भरल्या घरात आलेली. लग्नाला आलेल्या आत्या, मावश्या, जावा अजून मुक्कामाला. पंगतीत मी बसले की सहा-सात जणींची नजर माझ्या ताटावर. “घे गं, लाजू नकोस.” “एवढंसंच? आमच्याकडचं आवडत नाही वाटतं?” “वाढ गं तिला अजून एक.” प्रत्येकीचा जीव चांगला, पण माझा घास घशाखाली उतरेना. पोटात कावळे ओरडताहेत आणि मी म्हणतेय, “भूक नाही.” तिसऱ्या रात्री राहवेना म्हणून पाणी प्यायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात गेले. दिवा लावायची छाती नव्हती. ओट्यावर एक ताट झाकून ठेवलेलं हाताला लागलं. भाकरी, पिठलं, वर मिरचीचा ठेचा. मी उभ्या उभ्या अंधारात सगळं खाल्लं, ताट विसळून जागेवर ठेवलं आणि धडधडत्या छातीने जाऊन झोपले. पुढचे तीन-चार दिवस रोज तसंच.

ते ताट सकाळी भांडी घासायला येणाऱ्या बाईंसाठी राखून ठेवलेलं असणार, अशी माझी समजूत. तिच्या तोंडचा घास मी चोरून खाल्ला, ही बोच मला इतकी वर्षं होती. मी हे यांनासुद्धा कधी सांगितलेलं नाही. पुढे त्या बाईंना मी दर दिवाळीला माझ्याकडून म्हणून जास्तीचं काही देत असे, ते त्यापायी.

सासूबाई म्हणाल्या, “अगं, ते तुझंच ताट होतं. मीच ठेवत होते. आणि सगळ्या बायकांना दहाच्या आत माडीवर झोपायला पिटाळत होते. तुझ्या आत्येसासूबाईंनी तर त्यावरून माझ्याशी भांडण काढलं.”

मला काय बोलावं सुचेना. तेरा वर्षं! डोळ्यांत पाणी आलं हे खरं, पण थोडा रागही आला. तोही सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं मी फारच गुणाची. मी म्हटलं, “मग मला सांगायचं नाहीत का हो? मी इतकी वर्षं चोर म्हणून…”

“सांगितलं असतं तर लाजेनं तेही खाल्लं नसतंस.” त्या उठल्या. “आणि नंतर सांगायचं राहून गेलं. चल, दिवा मालव.”

आठवडा संपला. बुधवारी रात्री आम्ही बाईंनी सांगितलं तसं केलं. एक पिल्लू छोट्या पिशवीत घालून गरम पाण्यात दहा-पंधरा मिनिटं ठेवायचं. पाणी उकळतं नको. मायक्रोवेव्हमध्ये तर कधीच घालायचं नाही, आतून शिजतं आणि फुटतं. हाताला कोमट लागेल इतपत झालं की चिमट्याने त्याच्या अंधाऱ्या जागेच्या दाराशी ठेवायचं. जिभेने हवेतला वास टिपून साप ते शोधतो. मग झाकण, वर एक टॉवेल, दिवा बंद, दार बंद, सगळे आपापल्या अंथरुणात.

सकाळी पिल्लू तसंच पडलेलं होतं. काळपट झालेलं. चिरंजीव रडले. ते टाकून दिलं. एकदा वितळलेलं पुन्हा गोठवायचं नसतं. वजन आठ पूर्णांक सहा ग्रॅम. बाईंना फोन केला तर त्या शांतपणे म्हणाल्या, पाच दिवस थांबा. तरीही नाही खाल्लं तर पुढचे उपाय आहेत. रानात या सापाची पिल्लं बहुतेक लहान सरडे नि बेडूक खातात, त्यामुळे काहींना उंदीर हे अन्न आहे हेच कळत नाही. अशांसाठी उंदराच्या पिल्लाला सरड्याचा वास लावून देतात. आता रेडिंगमध्ये नोव्हेंबरात मी सरडा कुठून आणू? आयुष्यात पहिल्यांदा मला सांगलीच्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइटमागे बसणाऱ्या पालीची आठवण येऊन गलबलून आलं.

ते पाच दिवस मी त्या खोलीत गेले नाही. पाणी चिरंजीवच बदलत होते. रात्री त्या बाजूने पाय वळला की सासूबाई पांघरुणातून नुसतं खाकरायच्या.

सोमवारी रात्री पुन्हा तोच विधी. मंगळवारी पहाटे चिरंजीवांनी टॉवेल उचलला, झाकण उघडलं आणि जी आरोळी ठोकली, ती शेजारणीला ऐकू गेली असणार. पिल्लू नाहीसं झालं होतं. भुशात शोधलं, वाटीखाली शोधलं. नाही. उपड्या डब्याच्या दारातून कणसाचं अंग दिसत होतं आणि त्याच्या मधोमध एक छोटासा फुगवटा. मी यांना हाक मारली. सासूबाईही आल्या. पहिल्यांदाच जवळ आल्या, चष्मा लावून वाकून बघितलं आणि म्हणाल्या, “जेवलं गं बाई.” मग लगेच आम्हा सगळ्यांना बाहेर काढलं. जेवल्यावर दोन दिवस तरी त्याला हात लावायचा नसतो, हे त्यांना आमच्यापेक्षा पक्कं ठाऊक झालं होतं.

चिरंजीवांनी एक वही केली आहे. तारीख, वजन, खाल्लं की नाही, कात टाकली का. कात टाकायच्या आधी त्याचे डोळे निळसर, दुधाळ होतात आणि तेव्हाही ते खात नाही, हे पहिल्यांदा झालं तेव्हा मी पुन्हा घाबरले होते, तो वहीत बघून म्हणाला, “आई, थांब जरा.” त्याच वहीवरून एकदा तो सहज बोलून गेला, “तू माझ्या डब्याचीपण अशीच वही ठेवतेस ना, मनात?” मी काही उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवसापासून शाळेच्या फाटकाशी डबा हातात घेतला, पण उघडला नाही. घरी येऊन ओट्यावर ठेवून दिला. तो पहिल्या दिवशी तसाच परत आला होता. दुसऱ्या दिवशीही. मी जिभेवर दगड ठेवला. अजूनही आठवड्यातले एक-दोन दिवस डबा अर्धा परत येतोच, आणि अजूनही मला ते आवडत नाही. पण आता शाळेतून येताना तो माझ्याशेजारून चालतो. पूर्वी दहा पावलं पुढे असायचा.

सासूबाई २०२५ च्या फेब्रुवारीत सांगलीला परतल्या. दर रविवारी फोन असतो. त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, “जेवलं का?” मी विचारते, “कोण, आई?” तर म्हणतात, “दोघंही सांग.”

त्या वर्षीची नागपंचमी २९ जुलैला, मंगळवारी आली. आमच्याकडे त्या दिवशी चिरायचं नाही, कापायचं नाही, तवा चढवायचा नाही. मी सकाळी पुरणाची दिंडं उकडली, पाटावर गंधाने नाग काढून पूजा केली. कणीस तोवर दोन फुटांच्या वर गेलं होतं, वजन सत्तर ग्रॅम. आणि वहीत बघते तो नेमका त्याचा जेवणाचा दिवस. आता आली का पंचाईत! सणाच्या दिवशी, पुरणावरणाच्या घरात, उंदीर बाहेर काढायचा? मी ठरवलं, आजचं उद्यावर टाकू. रात्री सासूबाईंचा फोन आला तेव्हा तसं सांगितलं.

पलीकडे क्षणभर शांतता. मग म्हणाल्या, “अगं, सण त्याचा, आणि उपास त्यालाच?”

मी फोन कानाला धरूनच मटारांची पिशवी बाजूला केली.